हुंकाराची जागा

‘मला काही म्हणालात?’ दुकानाच्या रांगेत पुढच्या माणसानं मागं वळून विचारलं, तेव्हा मला कळलं की आपण बोललो. बोललो म्हणजे नुसतं ‘हं’ म्हटलं. पण पुटपुटल्यासारखं नव्हे. चांगलं मोठ्यानं, नाकातून, शेवटाला वर उचललेलं. त्याच्या ढकलगाडीत मांजराच्या खाण्याचे पुडे आणि एक निळी बादली होती. बिचाऱ्याला वाटलं असावं, ही बाई माझ्या बादलीवर शंका घेते आहे. ‘नाही हो, काही नाही,’ असं म्हणून मी कपडे धुण्याच्या पावडरीचा पुडा उलटा केला आणि त्याच्यावरच्या सूचना वाचू लागले. कान मात्र वर लागले होते. छताला बसवलेल्या ज्या गोल जाळीतून एरवी गिऱ्हाइकांची डोकी थंड ठेवायला कसलंसं गुळमुळीत संगीत ठिबकत असतं, तिथून माझे बाबा, जुन्या रेकॉर्डवरचे, गोष्ट सांगत होते. त्यांच्या आवाजाखाली कुणीतरी झऱ्याचा खळखळाट घातला होता, म्हणजे ऐकणाऱ्याला जंगलात बसून साबण विकत घेतल्यासारखं वाटावं. त्या भल्यामोठ्या दुकानात आमच्या डोंगरातल्या भाषेतला एक शब्द कळेल असं माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि मलाही, खरं सांगायचं तर, थोडं कळत होतं आणि बाकीचं आठवत होतं. बाबांनी वाक्य संपवलं, श्वास घेतला, आणि जिथं कुणीतरी ‘हं’ म्हणायला हवं तिथं कुणीच म्हणालं नाही, म्हणून माझ्या तोंडून गेलं. पन्नास वर्षांत गेलं नव्हतं. त्या जागेचा हुंकार माझ्या आईचा होता. तो आता तिथं नाही, कारण तो मी कापला. ब्लेडनं, तिरका, अगदी सफाईनं.

सामान घेऊन बाहेर आले. बसथांब्यावर ऊन होतं. माझी बस आली आणि मी ती जाऊ दिली, मग दुसरीही जाऊ दिली. घरी बाबा वाट पाहत होते आणि त्यांना आज उत्तर हवं होतं. शनिवारी मोठ्या सभागृहात त्यांचा सत्कार आहे. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस, शाल-बिल, भाषणं, चारशे खुर्च्या. आधी त्यांनी साफ नाही म्हटलं होतं. मग काय मनात आलं कोण जाणे, म्हणाले, येतो, पण शाल घ्यायला नाही. मोठी गोष्ट सांगायला येतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती गोष्ट पुरी बाहेरच्या कुणीच ऐकलेली नाही. रेकॉर्डवर आहे तो तिचा पाऊण तासाचा तुकडा. खरी गोष्ट अडीच तासांची, आणि ती येणारं आमच्यातलं आता दुसरं कुणी जिवंत नाही. आयोजक आनंदानं उड्याच मारायला लागले. ते गेल्यावर बाबा माझ्याकडे वळले आणि म्हणाले, ‘हुंकार तू द्यायचास.’ मी म्हटलं, ‘बघू.’ आठ दिवस मी बघू म्हणते आहे. मी बसले नाही तर ते शनिवारी नुसतं वाद्य वाजवून परत येतील, आणि ती गोष्ट त्यांच्याबरोबर जाईल. हे त्यांनी बोलून दाखवलेलं नाही. बोलून दाखवायची त्यांची पद्धत नाही, आणि मला न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही.

आमच्या माणसांत गोष्ट एकट्यानं सांगत नाहीत. सांगणारा डावीकडे, हुंकार देणारा उजवीकडे, आणि गोष्ट दोघांची. बाकीच्यांनी ऐकायचं. हुंकार म्हणजे झोप लागली नाही हे कळवायची खूण नव्हे; तो मान देऊन दिलेला असतो आणि त्याचे चार प्रकार असतात. एक ‘चालू द्या’चा, साधा, खाली उतरणारा. एक ‘मी पाहिलंय’चा, त्यात थोडा श्वास. एक ‘भिऊ नका’चा, जो सांगणाऱ्याला गोष्टीतल्या वाईट जागेवरून हात धरून नेतो. आणि चौथा ‘काहीतरीच!’चा. तो आला की सांगणाऱ्यानं थांबायचं, मागं जायचं, आणि तोच भाग परत सांगायचा, आधीपेक्षा खरा करून. माझी आई या चौथ्याबद्दल प्रसिद्ध होती. बाबा रंगात येऊन सांगत, की माणसानं एका उडीत नदी ओलांडली, आई ‘हं?’ करी, बाबा चडफडत मागं जात आणि माणूस बिचारा गळ्यापर्यंत पाण्यातून चालत, दगड धरत, चप्पल गमावून पलीकडे पोचे. ‘नवऱ्याला नदीत बुडवलंस,’ असं शेजारणी तिला म्हणत. ‘ओला झाला, बुडाला नाही,’ आई म्हणायची. आणि खरंच, त्या ओल्या माणसाचीच गोष्ट मला आठवते. उडी मारणाऱ्याची आठवत नाही.

बाबा डोंगरातून शहरात आले ते विसाव्या वर्षी, महापालिकेच्या बागेत माळी म्हणून. बरोबर एक ट्रंक, आई, आणि म्हातारी. म्हातारी म्हणजे त्यांचं वाद्य: वाळलेला भोपळा, एक दांडी, एक तार आणि घोड्याच्या केसांचा गज. तिचा आवाज खरोखरच म्हातारीसारखा, किरकिरा, प्रेमळ, मधेच हट्टाला पेटणारा. तिला ऊब लागते म्हणून ते तिला आमच्या खोलीत भिंतीच्या आतल्या बाजूला निजवत आणि आम्ही तिघं वाऱ्याच्या बाजूला. ‘दोन बायकांचा दादला,’ आई म्हणे, ‘आणि थोरलीचेच लाड.’ दुपारच्या सुट्टीत ते गवताच्या यंत्राशेजारी बसून वाजवत आणि आई डबा घेऊन आली की गोष्ट सांगत. तिथं रेडिओवरच्या एका साहेबांनी त्यांना ऐकलं. साहेब कुत्रं फिरवायला आले होते. पुढं सगळं भराभर झालं: रेडिओ, मग मंच, मग विमान. मंचावर कुणी त्यांना ‘जंगलाचा आवाज’ म्हटलं की ते नम्रपणे सांगत, ‘जंगलाचा आवाज जंगलात असतो साहेब, मी बागखात्यातला आहे.’ एका ठिकाणी त्यांना डोक्यावर पिसं लावायला दिली. बाबांनी ती उलटसुलट करून पाहिली, विचारलं, ‘हा पक्षी कुठला?’ कपडेवाल्यानं कान खाजवत कबूल केलं की धूळ झटकायच्या झटकणीची आहेत. बाबांनी ती लावली, वर जाऊन पहिल्या पाच मिनिटांत ती पिसं कुठून आली त्याचीच गोष्ट रचून सांगितली, आई ‘काहीतरीच’ करत गेली, आणि लोक टाळ्या वाजवत उभे राहिले. भाषा कुणालाच कळत नव्हती. त्या सगळ्या मंचांवर आई त्यांच्या उजव्या हाताला बसलेली आहे. फोटोत तिचा एक गुडघा येतो, कधी खांदा. जाहिरातीवर तिचं नाव कधीच आलं नाही, आणि तिनं विचारलंही नाही. बाबांनी एकदा विचारलं, तेव्हा जागा नाही म्हणाले.

मला रेडिओत नोकरी लागली ती बाबांच्या पुण्याईनं, तेविसाव्या वर्षी, ध्वनिफीत जोडायच्या खोलीत. ती खोली मला फार आवडायची. जाड दार, भिंतीला भोकाभोकांची फळी, दोन मोठी रिळं आणि त्यांच्यामध्ये तपकिरी फीत. रीळ हातानं मागंपुढं फिरवलं की आवाज अस्वलासारखा गुरगुरतो. त्या गुरगुरीत शब्दाचं टोक शोधायचं, पांढऱ्या पेन्सिलीनं खूण करायची, ब्लेडनं तिरकं कापायचं, चिकटपट्टीनं जोडायचं. माझा हात बसला. तिथले साहेब, कुत्रंवाले नव्हे, दुसरे, म्हणायचे, ‘पोरगी शिवणकाम केल्यासारखं कापते.’ मी मनातून फुगायची. मला तेव्हा शहरातलं व्हायचं होतं. केस कापले होते, आईनं विणलेली पिशवी आणणं बंद केलं होतं, आणि वाक्याच्या शेवटी आमच्यात जो हेल येतो तो घोटून घोटून काढला होता. त्या सुमारास बाबांची रेकॉर्ड करायची ठरली. आई-बाबा आले, बसले, पाऊण तास सांगितलं. साहेब त्या दिवशी रजेवर होते; शेवटी यंत्रावरच्या माणसानं त्यांना एक मिनिट नुसतं गप्प बसायला सांगितलं, खोलीची शांतता भरून घ्यायला. फितीत कुठं भोक पडलं तर ती शांतता तिथं लावतात. दोघं अगदी शाळेतल्यासारखे ताठ बसले. दुसऱ्या दिवशी साहेबांनी ती फीत माझ्यासमोर लावली, दोन मिनिटं ऐकली, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, ‘हे मागं कोण आहे सारखं? साफ करून टाक.’

एकशे सेहेचाळीस ठिकाणी मी कापलं. प्रत्येक हुंकार उचलून काढायचा आणि त्या जागी तेवढ्याच लांबीची शांतता लावायची. तीन दिवस लागले. काम इतकं सुबक झालं की साहेबांनी बाकीच्यांना बोलावून दाखवलं. रेकॉर्ड रेडिओवर लागली तेव्हा आमच्या खोलीत दोन्ही मजल्यांवरची माणसं जमली होती. बाबा लाजून दारात उभे, आई रेडिओच्या उजव्या हाताला मांडी घालून बसलेली. पहिली मोकळी जागा आली. आईनं मान वर केली. दुसरी आली. तिसऱ्या जागेला तिनं आपला आपण हुंकार दिला, त्या लाकडी पेटीला. आणि मग शेवटपर्यंत देत राहिली, सगळेच्या सगळे, चारही प्रकारचे. शेजारणी खुदुखुदु हसत होत्या. मी पाण्याचे पेले भरत होते. भरलेलेच परत भरत होते. शेवटी आई म्हणाली, ‘आवाज छान आलाय हो यांचा,’ आणि उठून चुलीशी गेली. पुढं त्या रेकॉर्डचं नाव झालं. एका विदुषींनी तिच्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं आणि त्यात एक अख्खं प्रकरण पुनरावृत्तीवर: या निवेदकाचं वैशिष्ट्य असं की तो एकच प्रसंग दोनदा सांगतो, दुसऱ्या वेळी अधिक खोल. शैली म्हणे! अहो बाई, शैली कसली, तिथं माझ्या आईला पटलं नव्हतं. ती ‘काहीतरीच’ म्हणाली होती. ते मी केराच्या टोपलीत टाकलं आणि तुम्ही उरलेल्यावर पदवी मिळवली.

आई जाऊन नऊ वर्षं झाली. माझा नवरा तिच्या आधीच गेला होता, म्हणून ती गेल्यावर मी बाबांना माझ्याकडे आणलं. ते रोज सकाळी वाजवतात, गोष्ट मात्र सांगत नाहीत. कुणी आग्रह केला तर म्हणतात, उजवी बाजू रिकामी आहे. आता ती बाजू त्यांनी मला देऊ केली होती आणि मी थांब्यावर पावडरीचा पुडा मांडीवर घेऊन बसले होते, कारण आमच्यात एक नियम आहे, पोटात काही ठेवून हुंकार देऊ नये, गोष्ट अडकते. हसू येईल कुणालाही. मलाही आलं असतं, पण मी दहा वर्षांची असताना शाळेत नापास झाल्याचं लपवून बाबांच्या उजवीकडे बसले होते, आईला ताप होता म्हणून. चौथ्या की पाचव्या वाक्याला बाबांची जीभ थांबली. आठवेना. त्यांनी म्हातारी खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, ‘कुणाच्या पोटात काय आहे?’ त्या दिवशी मी जी पळाले ती परत त्या जागेवर बसले नाही. आता चारशे माणसांसमोर, त्र्याऐंशीव्या वर्षी, ते तसे थांबले तर? आणि सांगावं तर काय सांगावं? या वयात त्यांना ते ऐकवून मी काय मिळवणार? मला त्यांची भीती वाटत नव्हती. ते सकाळी मला ‘उठलीस का गं’ म्हणून हाक मारतात ना, ती हाक मला रोज हवी होती. दुसरं काही नाही. तिसरी बस आली, ती मी घेतली.

बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी गजाच्या केसांना राळ घासत बसले होते. माझ्या हातातली पिशवी पाहून म्हणाले, ‘डोळ्यांचं औषध विसरलीस.’ विसरले होते. मी चहा ठेवला, तो उकळून उतू जायच्या बेताला येईपर्यंत बघत राहिले, मग गॅस बंद केला आणि त्यांच्यासमोर बसले. ‘बाबा, एक सांगायचंय. आईचे हुंकार मी कापले. रेकॉर्डमधले.’

‘हं,’ बाबा म्हणाले. खाली उतरणारा, साधा.

‘साहेबांनी सांगितलं, साफ कर. नोकरी नवी होती. नाही कसं म्हणणार?’

‘हं?’ बाबांनी राळ घासणं थांबवलं नव्हतं, पण हुंकार शेवटाला वर गेला. मग मी मागं जाऊन परत सांगितलं. सांगितलं की साहेब भले माणूस होते, मी म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. पण मला वाटलं, नुसता तुमचा आवाज असला की रेकॉर्ड मोठी होईल, तुमचं नाव होईल.

‘हं?’

‘काय हं? खरंच सांगतेय!’ मी चिडले. साठ वर्षांची बाई, रडकुंडीला आले. त्यांनी गज टेबलावर ठेवला आणि हात पुसले. आवाज माझा होता, पण कुणीतरी दुसरीच बोलत असल्यासारखं मी ऐकलं. ‘साहेबांनी आधी विचारलं होतं, मागं कोण आहे. फक्त विचारलं होतं. मी म्हटलं, असेल कुणी बाई, सोबत आलेली. माझी आई आहे असं मी म्हटलं नाही. लाज वाटली मला. मग ते म्हणाले, साफ कर.’

या खेपेला हुंकार आला नाही. बाबा उठले, भिंत धरत माठाशी गेले, पाणी घेतलं, उभ्यानं प्यायले. पेला धुऊन पालथा घातला. पाठ माझ्याकडेच होती. खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करत होतं आणि ती होत नव्हती.

‘आईला माहीत होतं?’ मी विचारलं.

‘कापल्याचं? तिला कान नव्हते का? ती त्या दिवशी हसली केवढी! म्हणाली, पोरीनं माझ्या शंका तेवढ्या काढल्या आणि तुमची उत्तरं ठेवली. आता जग म्हणेल, हा माणूस सगळं दोनदा सांगतो. हात चांगला आहे म्हणाली तुझा. कुठं शिवण दिसत नाही.’

‘आणि ते… कुणी बाई?’

‘ते तिला माहीत नव्हतं,’ बाबा म्हणाले. ‘मलाही आत्ता कळलं.’ ते परत येऊन खुर्चीत बसले. ‘राग आलाय मला. फार आलाय. शनिवारपर्यंत निवळला तर निवळला. नाही निवळला तरी रागात गोष्ट सांगता येते. पोटात ठेवून तेवढी येत नाही.’ मग त्यांनी पायानं माझी खुर्ची ढकलली, म्हणजे समोरून उजवीकडे जा. मी गेले. खुर्ची ओढताना फरशीवर केवढा तरी आवाज झाला. त्यांनी म्हातारी मांडीवर घेतली, तार पिळली, एकदा गज फिरवला आणि मोठ्या गोष्टीचं पहिलं वाक्य म्हटलं, ज्याला आई जन्मभर ‘चालू द्या’ म्हणत आली.

‘फार पूर्वी, आमच्या डोंगरात कुणी कुणाशी खोटं बोलत नसे.’

ते थांबले. माझी पाळी होती. मी अगदी ‘चालू द्या’ म्हणणार होते, घशापर्यंत आलंही होतं, पण निघालं ते दुसरंच, शेवटाला वर गेलेलं: ‘हं?’

बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ‘पहिल्याच वाक्याला? तुझी आईसुद्धा तिसऱ्या वाक्यापर्यंत दम धरायची.’ पण नियम तो नियम. त्यांनी गज उचलला, डोळे मिटले आणि मागं गेले. बराच वेळ नुसती म्हातारी किरकिरत राहिली.

‘बरं,’ ते म्हणाले. ‘बोलत असत. पण मग घरी येऊन सांगत असत.’

‘हं,’ मी म्हटलं.